सावलीतली खाटेएवढी जागा

त्या घराकडे येताना आधी सावली दिसायची, घर नंतर.

यवतमाळच्या जुन्या वस्तीत ते घर आहे. काळ्या दगडाचं जोतं, सागाचे खांब, चारही बाजूंनी व्हरांडा आणि वर कवेलूंचं छप्पर. कापसाच्या व्यापारात बरकत आलेल्या कुणीतरी ते पूर्वी बांधलं. मी तिथे गेले तेव्हा त्यात त्याची नातसून एकटी राहायची. तिला सगळा मोहल्ला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, म्हणून मीही खालाच म्हणू लागले. घर ठणठणीत होतं. खाला दरवर्षी खांबांना तेल लावून घ्यायच्या, पावसाळ्याआधी कवेलू फेरून घ्यायच्या. पण घराच्या मागे आणि बाजूला चिंचेची तीन झाडं होती, घराहूनही जुनी. त्यांच्या खाली गवताची काडी नव्हती. नुसती झाडून झाडून गुळगुळीत झालेली, टणक माती.

मी दिग्रसकडच्या एका तांड्यातली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही बागकाम शिकायला. आमच्याकडे आईला याडी म्हणतात. माझी याडी अजूनही विचारते, "झाडं लावाले कॉलेज कायले लागते?" याचं नीट उत्तर मला अजून देता आलेलं नाही. वर्गातल्या एका मैत्रिणीच्या ओळखीने मला खालांच्या घरातली मागची खोली मिळाली. खालांना सोबत हवी होती आणि मला छप्पर.

पहिल्या दिवशी फाटकातून आत आले तेव्हा खाला चिंचेखाली झाडत होत्या. कमरेत वाकून, लांब खराट्याने, अगदी सावकाश. त्यांनी वर पाहिलं आणि त्या क्षणभर तशाच थांबल्या. मग म्हणाल्या, "ये बेटी. मले वाटलं, दुसरंच कोणी आलं."

दुसरं कोण, ते मी विचारलं नाही. नव्या जागी मी फार प्रश्न विचारत नाही.

खाला रोज संध्याकाळी अजान व्हायच्या आधी सगळं अंगण झाडायच्या. पानं गोळा करायच्या, कोपऱ्यात पेटवायच्या. चिंचेचं पान बारीक, दिवसभर गळत राहतं, आज झाडलं तरी उद्या तेवढंच. पण त्या थांबायच्या नाहीत. ज्या घरात झाडलेलं नसतं तिथे मयत झाली असं लोक समजतात, असं त्या म्हणायच्या.

शेवटच्या वर्षी आम्हाला एक खरी जागा निवडून तिथली बाग आखायची होती. मुलांनी बंगले, शाळा, मंदिरांची आवारं घेतली. अनोळखी माणसाच्या दारात जाऊन विचारायचं मला जमलं नाही, म्हणून मी राहत होते तेच घर घेतलं. सरांनी विचारलं, "चिंचेखाली? तिथं काय येणार?" मी म्हटलं, "बघते सर." एवढंच बोलता आलं.

त्याच सुमारास नागपूरचे चाचा आले. हे खालांचे धाकटे दीर. घरात त्यांचा अर्धा वाटा होता. वर्षातून एकदा यायचे, व्हरांड्यात चहा प्यायचे आणि त्याच दिवशी परत जायचे. त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. त्यांनी खुर्ची ओढून रस्त्याकडे तोंड केलं, चिंचांकडे पाठ.

"भाभी, हे काय घर हाये का? मसणवट दिसते," ते म्हणाले. "झाडं काढून टाकू. फरशी लावू, लॉनवाल्याले भाड्यानं देऊ. लग्नं होतील, लोक येतील, उजेड येईल."

"अन् मी कुठं जाऊ? मांडवात झोपू?"

"नागपूरले चला. किती दिवसांपासून म्हणून राह्यलो."

खाला अचानक माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "ही पोरगी बाग करते इथं. कॉलेजाची हाये. एक वर्ष द्या."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. "बाग? चिंचेखाली?" ते हसले. "ठीक हाये. पुढच्या उन्हाळ्यात येतो. हिरवं दिसलं तर झाडं तुमची. नाही दिसलं तर झाडं कापणाऱ्या मशीनवाल्याले घेऊनच येतो."

त्या रात्री जेवताना खाला मला म्हणाल्या, "बेटी, मी तुले विचारलं नाही. पण ह्या सावलीतून मी हलणार नाही. झाडं गेली तर मी गेली."

माझ्या नुसत्या प्रोजेक्टचं असं झालं.

मी कामाला लागले ते सावली मोजण्यापासून. सकाळी, दुपारी, उतरत्या उन्हात, सावलीच्या कडेने मी राखेची रेघ ओढायचे. राख खालांच्या पानांच्या ढिगाचीच. दुसऱ्या दिवशी त्या रेघा त्यांनी झाडलेल्या असायच्या, मी पुन्हा ओढायचे. उन्हाचे तुकडे कुठे पडतात, किती वेळ थांबतात, ते कागदावर घ्यायचे. पावसाळ्यात, थंडीत सूर्य कुठून येईल त्याचाही अंदाज काढायचे. असं करता करता लक्षात आलं की मागच्या दोन चिंचांच्या मध्ये एक जागा अशी आहे जिथे माझी एकही रेघ पोचत नाही. कुठल्याही वेळी तिथे सरळ ऊन नव्हतं. लांबट, एका खाटेएवढी जागा. तिथे उभं राहिलं की अंगावर काटा यायचा. मी स्वतःला सांगितलं, थंड हवा खाली बसते, म्हणून असेल.

"इथं नको काही लावू," खाला म्हणाल्या.

"का खाला?"

त्यांनी खराटा खांबाला टेकवला. "इथं तिची खाट असायची. माझ्या नणंदेची."

मग त्यांनी सांगितलं ते असं. खाला लग्न होऊन आल्या तेव्हा ही नणंद माझ्या आत्ताच्या वयाची होती, म्हणाल्या. घरात तिला सगळे आपा, म्हणजे ताई, म्हणायचे. झाडायचं काम तिचं. बागेची फार हौस, मातीत हात घालून बसायची. मग तिला दुखणं लागलं, हळूहळू झिजवणारं. उन्हाळ्यात घर तापायचं, म्हणून तिची खाट चिंचेखाली टाकायचे. धाकट्या भावाला, म्हणजे चाचांना, तिच्या उशाशी बसवायचे, हातपंखा घेऊन. एका दुपारी पंखा हलवता हलवता त्या पोराला झोप लागली. उठला तेव्हा आपा गेलेली होती.

"कोणी त्याले काही म्हटलं नाही," खाला म्हणाल्या. "पोरगंच होतं ते. पण त्यानं पुन्हा कधी पंखा हातात घेतला नाही. लाईट गेली तर घामानं भिजत बसते."

"आणि तुम्ही रोज झाडता..."

"तिचं काम होतं. कोणीतरी करायले पाहिजे ना."

यानंतर मला जे सांगायचं होतं ते तोंडातून निघेना. कारण माझ्या आराखड्यातली पहिलीच गोष्ट होती, झाडणं बंद करणं. चिंचेखाली काही न उगण्याचं अर्धं कारण तो खराटा होता. माती उघडी पडायची, तापायची, दगड व्हायची. गळलेलं पान तिथेच राहिलं, कुजलं, तरच मुळांच्या मधल्या खोबणींत काही जगणार होतं. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता बोलून टाकलं.

खालांनी तवा उतरवला. "म्हणजे मयतीचं घर करायचं."

"नाही खाला. पानं म्हणजे पांघरूण समजा."

संध्याकाळी त्या खराटा घेऊन बाहेर आल्या, चिंचांपर्यंत गेल्या, आणि न झाडता परत आल्या. नंतर त्या वेळेला त्या व्हरांड्यात नुसत्या बसायच्या, हात मांडीवर ठेवून. त्या हातांकडे मला पाहवत नसे.

झाडं निवडताना मी एकच विचार केला. यवतमाळच्या उन्हाळ्यात नळ कधी येईल सांगता येत नाही. जे पाण्याच्या भरवशावर जगेल ते मरेल. मग मला याडीची आठवण झाली. ती रानातून कंद आणायची, आणि उन्हाळ्यात ज्या जमिनीवर काही दिसत नाही तिथूनच आणायची. मी तांड्यावर गेले. याडीने पोतं भरून दिलं. हळद, रानहळद, मुसळी, अळूचे गड्डे. "आता कंद लावायले शिकवते का कॉलेज?" म्हणाली, पण एकेक कंद फडक्याने पुसून दिला.

मुळांच्या मधे मी दगड रचून वाफे केले, पानांचं खत आणि शेण भरलं. मोठ्या पानाचा अळू मोरीच्या पाण्याजवळ. त्याच्या शेजारी शतावरी, तिची पालवी धुरासारखी, म्हणजे थोराड पानाशेजारी बारीक पान. मधे हळदीचे गुच्छ. भिंतीकडेने थोडा अडुळसा. ओलसर दगडांच्या फटींत नेचे. मधून फरशीच्या तुकड्यांची पायवाट. खाटेएवढी जागा मी कोरी सोडली. कागदावरही तिथे काही लिहिलं नाही.

पावसाळ्यात ती बाग अशी आली की मला स्वतःलाच खरं वाटेना. सावलीत हिरव्या रंगाचे इतके प्रकार असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. खाला पायवाटेवरून हळूहळू फिरायच्या, पानांना हात लावायच्या. सरही येऊन गेले. फोटो काढले.

त्या कोऱ्या जागेत मात्र काही पानं आली. मी लावलेली नसताना. हळदीसारखीच, पण वरून चट्टेरी आणि मागून जांभळट. वाटलं, उंदराने रानहळदीचा एखादा कंद ओढून नेला असेल. खाला तिथे काही नको म्हणाल्या होत्या, म्हणून उपटायला वाकले. पण हात मागे घेतला. का, ते मला सांगता येत नाही. खालांनीही ती पानं पाहिली आणि तशीच राहू दिली.

आवाज सुरू झाला तो थंडी सरताना. मी खोलीत अभ्यास करत होते आणि बाहेर झाडल्याचा आवाज आला. खर्रर, थांबायचं, पुन्हा खर्रर. वाटलं, खालांना राहवलं नाही. बाहेर आले तर त्या व्हरांड्यात बसलेल्या, हात मांडीवर. चिंचेखाली सातभाई पक्ष्यांचा थवा पाला उलटापालटा करत होता. पान राहिलं म्हणून किडे आले आणि किड्यांमागे पक्षी. मी हसले. "पक्षी आहेत खाला."

"हो," त्या म्हणाल्या. "आज पक्षी हाये."

नंतर तो आवाज मी पुष्कळदा ऐकला. बहुतेक वेळा पक्षीच असायचे. एकदोनदा मी दारापर्यंत गेले आणि पालापाचोळ्यावर काहीच हलत नव्हतं. वारा असेल. मी असंच धरून चालले.

चूक मला मार्चमध्ये कळली, आणि ती याडीच्या पोरीकडून होऊच नये अशी होती. एकेक करून माझी बाग पिवळी पडली. हळद वाळली, मुसळी नाहीशी झाली, अळू बसला. त्यांचा तो स्वभावच. उन्हाळा आला की ही झाडं वरचं सगळं सोडून देतात आणि मातीखाली झोपतात, म्हणून तर ती पाण्यावाचून जगतात. हे मला लहानपणापासून माहीत होतं, म्हणूनच मी ती निवडली होती. पण चाचा उन्हाळ्यात येणार होते. ज्या महिन्यात बाग दाखवायची, नेमक्या त्याच महिन्यात झोपणारी बाग मी लावली होती. भिंतीकडचा अडुळसा आणि थोडी शतावरी सोडली तर चिंचेखाली तपकिरी पाला आणि दगड, बस.

मैत्रीण म्हणाली, "नर्सरीतून कुंड्या आण, ठेवून दे, कोणाला कळतंय." मी आणल्या. रंगीत पानांच्या कुंड्या पायवाटेने मांडल्या. खाला पाहून म्हणाल्या, "पाहुणा येते म्हणून चादर बदलतात, तसं करून राह्यली का?"

"झाडं जातील खाला."

"गेली तर गेली. पण त्याले खोटं नको दाखवू. ह्या जागेनं त्याले एकदा फसवलं हाये."

मी कुंड्या परत केल्या.

चाचा आले ते सकाळी, आणि खरंच सोबत मशीनवाला होता. मशीनवाल्याने वर पाहून डोकं खाजवलं. "खाला, चिंचेले हात लावायच्या आधी लिंबू लागते. वर कोणी राहत असन तर तिले सांगा, आज उतर म्हणा."

"लिंबू नाही. चहा हाये," खाला म्हणाल्या. "पी अन् गप बस."

चाचा व्हरांड्याच्या पायरीवर उभे होते. त्यांनी पहिल्यांदा नीट चिंचांकडे पाहिलं. "हे का बाग? झाडणंसुद्धा बंद केलं वाटते."

मी पुढे झाले. जे येत होतं ते सांगितलं. की सगळं खाली आहे. कंद जिवंत आहेत, झोपले आहेत. पाऊस पडला की येतील. पाय कुठेही ठेवू नका, दगडावरून या.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तू मले कबरस्तान दाखवून राह्यली, अन् म्हणते सगळे जिवंत हाये?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते दिसू नये म्हणून मी वळले आणि पायवाटेने मागे चालू लागले. ते पाठोपाठ येत होते, बहुतेक मशीनवाल्याला कुठून सुरुवात करायची ते दाखवायला. मागच्या दोन चिंचांपाशी माझे पाय थांबले.

खाटेएवढ्या त्या जागेत फुलं होती. पान नाही, देठ दिसत नाही, पाला बाजूला सारून थेट मातीतून उमललेली. पांढरी, ओठासारख्या पाकळीवर जांभळी. काल नव्हती. वास इतका मंद की आधी वाटलं, कुणाच्या तरी कपड्यांचा आहे.

भुईचाफा. पुस्तकात चित्र पाहिलं होतं. ती जांभळट पानं रानहळदीची नव्हती.

चाचा जागीच उभे राहिले. त्यांनी विचारलं, "हे कोणं लावलं?"

"मी नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

मागून खाला आल्या होत्या. त्या फुलांकडे पाहत नव्हत्या, दिराकडे पाहत होत्या. "तुमच्या आपानं लावलं होतं. उशाशी. तुम्हाले आठवत नाही?"

"आठवते," ते म्हणाले. "पण ते तर... इतकी वर्षं कुठं होतं?"

मी नंतर यावर पुष्कळ विचार केला. दर पावसाळ्यात पानं येत असतील आणि गवत समजून उपटली जात असतील. दर उन्हाळ्यात कळी वर येत असेल आणि खराट्याखाली जात असेल. कंद चिवट असतो. असं होऊ शकतं. सरांनाही विचारलं, तेही म्हणाले होऊ शकतं. पण त्या सकाळी मी हे काही बोलले नाही, कारण खालांचा चेहरा मी पाहिला. ज्या हातांनी त्यांनी तिचं काम रोज चालवलं, त्याच हातांनी हे होत आलं असेल, हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

चाचा फाटकाकडे गेले. मशीनवाल्याशी बोलले. कवेलूंवर आलेली एक फांदी तेवढी कापून घेतली, आणि त्याला पाठवून दिलं. झाडांबद्दल ते वेगळं काही म्हणाले नाहीत. खालांनीही विचारलं नाही.

दुपारी लाईट गेली. घर तापलं. आम्ही तिघं व्हरांड्यात बसलो होतो, उन्हाच्या झळांची लू चालू होती, मोहल्ल्यात कुठे आवाज नव्हता. आणि तो आवाज आला. खर्रर, थांबलं, पुन्हा खर्रर.

चाचांनी मान वर केली. "कोण झाडून राह्यलं?"

"कोणी नाही," खाला म्हणाल्या. "झाडणं बंद केलं आपण."

ते उठले. पायरीवर चपला काढल्या, आणि मी सांगितलं होतं तसे दगडावर पाय ठेवत मागे गेले. फुलांपाशी पोचल्यावर जमिनीवर मांडी घालून बसले. हातात सकाळचा पेपर होता. थोड्या वेळाने त्यांनी त्याची घडी केली आणि तो हळूहळू हलवू लागले. स्वतःला वारा घेत नव्हते. पेपर त्या जागेच्या दिशेने हलत होता, मध्ये न थांबता.

मी पाहतच राहिले. खालांनी माझ्या दंडाला हात लावला. "जाय बेटी. चहा ठेव."

मी आत गेले. चुलीपाशी उभी राहून ऐकत होते. पेपरचा आवाज होता, पाल्याचा होता, आणि मधूनच तोही, खर्रर. कुठला कोणता ते मला वेगळं करता आलं नाही. चहा उकळून वर आला तरी मी चाचांना बोलवायला बाहेर गेले नाही.